विमानाच्या उलांड्या आणि दर्याचा थर

फायबरच्या कामात बाईला पहिली गोष्ट शिकावी लागते ती अंघोळ. काम सुटलं की अंघोळ गार पाण्याने करायची. कडाक्याची थंडी असली तरी गारच. गरम पाणी घेतलं की अंगाची भोकं उघडतात आणि काचेची कुसं आत शिरतात. मग रात्रभर खाजवत बसा. कामाला जाताना कोपराच्या वळीत, मानेला खोबरेल चोपडायचं आणि वर पावडर मारायची. हे मला कोणी शिकवलं नाही, कातडीनेच शिकवलं.

माझी मुलं धाकटी होती तेव्हा मी वाटेवरूनच ओरडत यायची, "लांब रवा रे, मी इलंय!" बाकीच्या आया पोरांना जवळ बोलवतात, मी पळवून लावायची. अंघोळ होईपर्यंत मुलाला हात लावायचा नाही. तोपर्यंत धाकटा रडून झोपलेला असायचा.

मी चौथीपर्यंत शिकले. हे सगळं मी बोलले आहे आणि सुनेने लिहून घेतलं आहे. ती माझं मालवणी सरळ करत गेली. मी म्हटलं, माझं कर हवं तर, पण लोक जे बोलले ते तसंच राहू दे. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं तोंड कशाला बदलायचं.

आमची शेड म्हणजे माझ्या दिराची. मालवणच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठावर. तिथे फायबरच्या होड्या बनतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. होडीचा एक उलटा साचा असतो. त्याला आतून मेण लावून घासायचं, म्हणजे होडी चिकटून बसत नाही. त्यावर रंगाचा लेप. मग काचेच्या धाग्यांची मॅट असते, पांढऱ्या गोधडीसारखी, ती कापून अंथरायची आणि वरून रेझिन, म्हणजे डिंकासारखा रस, पाजायचं. पाजायचं म्हणजे अक्षरशः पाजायचं. मॅट पिऊन पिऊन काचेसारखी आरपार दिसली पाहिजे. कुठे पांढरं राहिलं तर ती जागा तहानलेली राहिली समजायचं, होडी तिथेच फुटणार. रोलरने हवा काढायची. एक थर सुकला की दुसरा, मग तिसरा. शेवटी साच्यातून होडी सोडवायची. ती सुटताना असा आवाज होतो, जसा फणस फोडताना होतो.

माझा नवरा मासेमारी करायचा. त्याने कुणाकडून तरी वापरलेली फायबरची होडी घेतली होती. खाडीच्या तोंडाशी खडप आहे, म्हणजे पाण्यातला खडक. तिथे लाटेने आपटली आणि तिचा तळ उघडला. बरोबरचे दोघे डिझेलचे रिकामे कॅन धरून आले. तो आला नाही. होडीचा पुढचा तुकडा वाळूला लागला तो मी बघितला. बोट दाबलं तर आत गेलं. आतली मॅट पांढरी, कोरडी होती. त्या वेळी मला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढे दिराने मला शेडमध्ये ब्रश धुवायला ठेवलं, हळूहळू रोलर हातात आला, तेव्हा एके दिवशी काम करता करता कळलं की तो तुकडा कसला होता. मी रोलर खाली ठेवला, पाणी प्यायले आणि परत उचलला. रेझिन थांबत नाही, सुकतं.

तेव्हापासून मी एक रीत लावली. गिऱ्हाइकाने सांगितलेले थर झाले की वर एक थर आपला. त्याला आम्ही म्हणायचो 'दर्याचो थर'. तो फुकट. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी घालायचा. दीर आधी कुरकुरला. नंतर आमच्या होड्या फुटत नाहीत म्हणून लोक वेंगुर्ल्याहून यायला लागले, तेव्हा गप्प झाला. तो गेल्यावर शेड मीच सांभाळली. एकदा एका हॉटेलवाल्याने दारात उभी करायला शोभेची होडी मागितली. ती पाण्यात कधी जाणारच नव्हती. तिलाही आम्ही दर्याचा थर दिला. माझ्याबरोबर पहिल्यापासून काम करणारी चंद्री म्हणाली, "तेच्यात फुलझाडां लावल्यानी तरी पाणी घालतलेच मा? घातलेलो रवांदेत."

गिऱ्हाइकं काय काय मागतात! एकाने घसरगुंडीसाठी देवमासा करून घेतला आणि न्यायला आल्यावर म्हणाला, ह्याचा चेहरा माझ्या सासऱ्यासारखा झालाय. पण इनासबाबसारखं गिऱ्हाईक आलं नाही.

इनासबाब खाडीपलीकडच्या वाडीतले. उभा जन्म आखातात विमानं दुरुस्त करण्यात गेला. म्हातारपणी गावी आले आणि घरामागे पत्र्याची शेड घालून स्वतःचं विमान बांधायला बसले. लोक हसायचे. हसून दमले तरी ते बांधतच होते. त्यांची बायको तेरेजबाय शाळेत शिक्षिका होती. निम्म्या गावाला तिने शुद्धलेखन शिकवलं. माझ्या मुलालाही शिकवायला गेली होती, पण जमलं नाही. विमान पुरं झालं तसं ते पंख सुटे करून ट्रकवरून घाटावर नेलं आणि तिथल्या एका धावपट्टीवरून इनासबाबनी ते उडवलं. परत आणताना नांदगावच्या नाक्यावर लोकांनी ट्रक थांबवून विचारलं म्हणे, हो देखावो खंयच्या मंडळाचो?

एके सकाळी ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले. काखेत नकाशाची गुंडाळी.

"भागी, माझ्या इमानाक पाण्यार चालाचे पाय होये."

चंद्री मॅट कापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काय ओ, रस्त्यार खड्डे पडले म्हणान आता पाण्यातसून जातलास?"

"रस्तो नको माका. खाडयेत उतरवचा आसा. दोन बाजूक दोन फ्लोट बांधूचे, त्येच्यार इमान तरंगतला."

"म्हंजे उलांडी होयी म्हणा की!"

उलांडी म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडची जुनी लाकडी होडी अरुंद असते. ती कलंडू नये म्हणून एका बाजूला दोन दांडे बाहेर काढून त्यांना आडवं लाकूड बांधतात. ते लाकूड पाण्यावर टेकून चालतं. ती उलांडी.

"उलांडी एकाच अंगाक आसता," चंद्री म्हणाली. "ह्येका दोनय अंगाक?"

"दोनय अंगाक. मदी इमान."

"मगे होडी खंय?"

"होडी नायच. नुसतीच उलांडी."

"अरे माझ्या देवा! नवरो नाय आनी नुसतीच वरात."

इनासबाब हसले नाहीत. त्यांचं हसू कामात हरवलेलं असायचं. त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि मला समजावलं. त्या दिवसापासून फ्लोटचं नाव आमच्या शेडमध्ये उलांडीच पडलं. पुढे तेसुद्धा तेच म्हणायला लागले.

मी विमान बघायला गेले. मला वाटलं होतं पतंगासारखं काही असेल, मोठे पंख, काठ्या, कापड. पण ते सुरमईसारखं होतं. निमुळतं, गुळगुळीत, पंख आखूड. आत शेजारी शेजारी दोन जागा. मी हात फिरवला तर कुठे खळगा लागला नाही. तेही फायबरच होतं, पण इतकं पातळ की टिचकी मारली तर सुपासारखं वाजलं.

इनासबाब म्हणाले, "ह्या बेगीन जाणारा इमान आसा, भागी. घारीसारखा वाऱ्यार रवाचा नाय. दगडासारखा जोरात फेकूक होया, तेव्हा वर रवता. म्हणान ह्येका वजन चालणा नाय."

"मगे इतक्या बेगीन जाणाऱ्या इमानाक उलांडी बांधून तुमी सावकाश करतलास?"

"करूचाच लागतला."

का ते चहा देताना तेरेजबायनेच सांगितलं. ती एकदा घाटावर विमान उतरताना बघायला गेली होती. ते बारक्या चाकांवर जमिनीला लागलं ते असं धावत आलं की ती धोंड्यावर बसली आणि तिला उलटी झाली. तेव्हाच तिने नवऱ्याला सांगितलं, असल्या धावण्यात मी बसणार नाही. आपल्या दारातल्या खाडीत उतरवून दाखव, तर बसेन. इनासबाबनी ते शब्द धरून ठेवले. आणि आता वेळ थोडी होती. विमान चालवणाऱ्याला डॉक्टरचा दाखला लागतो. ह्या खेपेला डॉक्टरांनी दिला, पण डोळे बघून म्हणाले, पुढच्या वेळी मागू नका. म्हणजे जे काही ते ह्याच मोसमात. सरकारी परवानग्या त्यांनी कशा मिळवल्या ते मला माहीत नाही. त्यात त्यांचे केस गेले एवढं दिसत होतं.

आम्ही कामाला लागलो. साचा बनवण्यातच बरेच दिवस गेले, कारण उलांडीचं पोट होडीसारखं नव्हतं. पोटाच्या मधोमध एक पायरी होती. पुढचा तळ मागच्या तळापेक्षा खाली, आणि मध्ये एकदम तुटल्यासारखा काठ. चंद्रीने ती पायरी बघितली आणि पॉलिश पेपर घेऊन काठ गोल करायला बसली. आमच्याकडे कुठल्याही होडीला धारदार काठ ठेवत नाहीत. जाळं अडकतं, फाटतं. हाताची सवयच ती. इनासबाब धावत आले.

"घासू नको गो! धार रवांदे!"

"जाळा फाटात!"

"इमान जाळा टाकूचा नाय, चंद्री."

मग त्यांनी सांगितलं ते मला पटलं. ओला पाट जमिनीवरून उचलताना चिकटून बसतो, कडेने हवा शिरली की सुटतो. पाणीही तसंच तळाला धरून ठेवतं. पायरीच्या धारेशी पाणी तुटतं, मध्ये हवा शिरते आणि उलांडी सुटते. धार गोल केली तर पाणी वळून परत तळाला चिकटतं. चंद्रीने पेपर ठेवून दिला. पण जाता येता त्या धारेकडे अशी बघायची, जणू कोणाच्या तरी घरात कोयता उघडा पडलाय.

उलांडीच्या आत आडव्या भिंती घालून खण केले होते. एक खण फुटला तरी बाकीच्यांत पाणी जात नाही. वरचं झाकण बसवण्याआधी वजन करायचं ठरलं. इनासबाब मासळीच्या लिलावाचा मोठा काटा घेऊन आले. मी खुशीत होते. काम देखणं झालं होतं. मी म्हटलं, "इनासबाब, आनी दर्याचो थर पण घातलाव हां. तुमका फुकट."

त्यांनी काट्यावरचा हात तसाच ठेवला.

"खंयचो थर?"

मी सांगितलं. आमची रीत, सगळ्यांना देतो, कोणाला सोडत नाही. ते ऐकत होते आणि काट्याकडे बघत होते. दोन्ही उलांड्यांचं वजन झालं. त्यांनी मनात काहीतरी मांडलं. मग पाटावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "भागी, तुज्या थरात माझी अर्दी तेरेज गेली."

चंद्री म्हणाली, "खंयची अर्दी? वरची काय खालची…"

"गप रव गो," मी म्हटलं.

"पुरी तेरेज बसली तर इमान पाणी सोडूचा नाय. मी एकटो बसलंय तर उडतला." ते उठले. "बरा. एकटो तर एकटो. काम चांगला केलंस." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मला माझ्या कामाबद्दल कोणी वाईट बोललं तर मी ऐकून घेते. चांगलं बोलून गेलेला माणूस मला जेवू देत नाही.

दुसऱ्या दिवशी तेरेजबाय आली. होडीतून खाडी ओलांडून, हातात दोदोलचा, नारळाच्या गोड वड्यांचा डबा. मला वाटलं भांडायला आली. रागावली की ती शाळेतली मराठी बोलते, म्हणून मी कान देऊन होते. पण ती पालथ्या होडीवर बसली आणि म्हणाली, "भागी, थर काढू नको."

"काढलंय खंय अजून?"

"काढूच नको. रवांदेत तो. देवान तुका बुद्धी दिल्यान म्हणान तो घातलंस."

मी हातमोजे काढले आणि तिच्यासमोर बसले.

"मी ती अट कित्याक घातलंय म्हायत आसा?" ती म्हणाली. "पाण्यार उतरवचा म्हंजे ह्या जन्मात होवचा नाय, म्हणान. माका काय म्हायत, हो माणूस उलांडी बांधीत! माका भीती वाटता गो. आता तुज्या थरामुळे माका नाय म्हणूचा पण लागणा नाय. वजनच नाय म्हणता."

"मगे झाला तर. दोदोल खाव."

आम्ही दोदोल खाल्लं. आतून चंद्रीच्या ग्राइंडरचा आवाज येत होता. मग मी विचारलं, "तो वर गेलो काय तू काय करतंस?"

"काय करतलंय. घड्याळ बघतंय."

"मी पण तसाच. मी दर्या बघी." मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. "तेरेजबाय, माझ्या घोवाच्या होडयेत मी एकदाय बसाक नाय. बायलमाणसान बसाचा नाय, असा होता आमच्यात. तो घराक येय आनी सांगी, आज असा झाला, आज मासे असे उडाले, पाणी असा चमकला. मी चुलीकडे आसंय. कांदो कापी आनी हूं म्हणी. आता कोणी माका विचारल्यान, तुज्या घोवान रोज काय बघितल्यान, तर माका सांगूक येणा नाय. इतक्या होडये केलंय, पण ता माका म्हायत नाय."

तिने डब्याचं झाकण लावलं. परत उघडलं, परत लावलं.

"माका उलटी झाली तर?"

"पिशवी घेवन जा."

"थय वर पिशवी?"

"मगे काय रुमाल नेतलंस?"

तिला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. उठून खाडीकडे निघाली आणि वळून म्हणाली, "काढ तो थर. आणि इनासला यातलं काही सांगायचं नाही." शाळेतल्या मराठीत. मी मान डोलावली.

थर काढ म्हणणं सोपं. वाळलेला फायबर ग्राइंडरने घासला तर एकीकडे जास्त जातो, एकीकडे कमी. आहे ते काम बिघडवायचं नव्हतं. साचा होताच, नवीन उलांड्या काढायच्या ठरल्या. पहिल्या दोन जड उलांड्या पर्यटकांच्या तराफ्याखाली गेल्या. अजून त्यावर माणसं उड्या मारतात आणि त्यांना काही होत नाही.

नव्या उलांडीचे सांगितलेले थर पुरे झाले त्या दुपारी चंद्रीने सवयीने वरच्या थराची मॅट कापून आणली. मी रेझिनचा ब्रश धरून उभी होते. ऊन कडक होतं, डब्यातलं रेझिन तापायला लागलं होतं. मला काही केल्या 'नको' म्हणवेना. इनासबाब बाजूला होते. मी म्हटलं, "इनासबाब, हो तळ फुटात?"

"खडपार आपाटलो तर फुटात," ते म्हणाले. "तुजो थर घातलंस तरी फुटात. म्हणान आत खण घातले. फुटलो तरी बुडाचो नाय."

त्यांनी 'फुटणार नाही' म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी चंद्रीला म्हटलं, मॅट घडी घालून ठेव. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घडी घातली.

सुकल्यावर मी उलांडीचं पोट दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं आणि आत चढले. मग चंद्रीला बोलावलं. दोघी मधोमध उभ्या राहिलो. तळ लवला. आम्ही उतरलो तसा परत जागेवर आला. मी पुन्हा चढले, पुन्हा उतरले. इनासबाब बघत होते. झाकणं बसवल्यावर आत पाणी भरून ठेवलं, बाहेरून कुठे पाझरतंय का बघितलं. होडीची परीक्षा आम्ही अशीच घेतो. मग काटा आणला. इनासबाबनी बघितलं आणि टोपी काढली.

उलांड्या जोडण्याचं काम त्यांच्या अंगणात झालं. फणसाच्या जाड फांदीला साखळीची कप्पी बांधून विमान वर उचललं, पट्टे पोटाखालून. चाकं काढली. खाली आम्ही उलांड्या ढकलत आणल्या. मग पाइपांचे पाय, आडवे दांडे, तिरक्या तारा. दोन्ही उलांड्या एकमेकींच्या सारख्या अंतरावर पुढून मागून हव्यात, नाहीतर पाण्यात विमान वाकडं ओढतं. आणि पुढेमागे किती ठेवायच्या ह्यावर तर दिवस गेला. फार पुढे गेल्या तर शेपूट बसतं, मागे गेल्या तर नाक पाण्यात खुपसतं. इनासबाब ओळंबा सोडून बघायचे, आम्ही बोटभर सरकवायचो, ते मान हलवायचे. चंद्री म्हणाली, "माझ्या चेडवाचा लग्न इतक्या बघून करूक नाय."

पहिल्यांदा तेरेजबायला बसवायचं नव्हतं. तिच्या वजनाएवढी वाळू पोत्यांत भरून तिच्या जागेवर पट्ट्याने बांधली. काठावर वाडी जमली होती. चंद्री ओरडली, "तेरेजबाय, बघा गो, तुमका पोत्यात भरल्यानी!"

"भरूंदेत," तेरेजबाय म्हणाली. "पोता उलटी करणा नाय."

पण तिचा चेहरा माडाच्या झापासारखा वाळलेला होता. पोती उडाली तर तिची पाळी होती.

इनासबाबनी इंजिन सुरू केलं. विमान खाडीत लांब गेलं, वळलं, आणि आमच्याकडे तोंड करून धावत आलं. पाणी दोन्ही बाजूंना उडत होतं. आधी नाक वर, मग उलांड्या पाण्यावर चढल्या, जशी जोरात आलेली होडी चढते. आता फक्त पायरीपुढचा तळ पाण्याला लागत होता. धावलं, धावलं. माझ्या मनात आलं, आता नाही उठत. पाणी सोडतच नव्हतं. मग एक उलांडी सुटली. क्षणभर विमान एका पायावर चाललं आणि दुसरीही सुटली.

ते आमच्या डोक्यावरून गेलं. मी वर बघितलं. जन्मभर मी होड्यांची पोटं केली, पण पाण्यात गेलेल्या होडीचं पोट कोणाला दिसतं? माझ्या डोक्यावर माझ्या हातचे दोन तळ गेले, ओले, चकचकीत, पायरीच्या धारेवरून पाणी गळत होतं. दोन थेंब माझ्या तोंडावर पडले. खारट होते.

पोती सुखरूप उतरली. मग काठावरचे सगळे तेरेजबायकडे बघायला लागले. ती साडीखाली नवऱ्याची जुनी विजार चढवून आली होती, कमरेला पदर खोचलेला, हातात पिशवी. उलांडीवर पाय ठेवताना तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठला. माझ्या कानाशी म्हणाली, "पाय कापतत गो."

"कापूंदेत. बसून रव."

इनासबाबनी तिचा पट्टा स्वतः बांधला. एकदा ओढून बघितला, परत बघितला. आम्ही विमान ढकलून पाण्यात लोटलं आणि ते गेलं. ह्या वेळी मी डोळे मिटले होते. इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा उघडले. ते वर होतं. खाडीच्या तोंडाकडे, खडपावरून, समुद्राकडे गेलं आणि उजेडात दिसेनासं झालं.

चंद्रीने माझा हात धरला. तिचा हात माझ्या हातासारखाच, खरबरीत. मी त्या दिशेला किती वेळा अशी बघत उभी राहिले आहे ते तिला माहीत होतं.

मग आवाज आला. विमान माडांवरून खाली उतरलं, उलांड्या पाण्याला लागल्या, मागे दोन पांढऱ्या रेघा ओढत आलं. इंजिन बंद झालं आणि ते हळूहळू माझ्याकडे तरंगत आलं. मी गुडघाभर पाण्यात जाऊन उलांडी धरली.

इनासबाब आधी उतरले, तिला हात दिला. "उतर, तेरेज."

ती उतरेना. पिशवी हातात तशीच होती, रिकामी. चष्मा ओला, केस विस्कटलेले. ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू आता वर्गातून बाहेर काढणार.

"मेल्या," ती म्हणाली, सगळ्या वाडीसमोर, "इतकी वर्सां ह्या तू एकटोच बघीत होतंस? आनी घराक येवन माका काय सांगीत होतंस? 'बरा होता'! बरा होता म्हणे!"

"तू कधी विचारूक नाय," इनासबाब म्हणाले.

"आता विचारतंय. थय खडपाच्या पलीकडे ता हिरवा काय होता? पाण्याखाली? माका नीट दिसूक नाय. तू बेगीन वळयलंस."

"ती पाण्याखालची खडपां."

"माका परत दाखव."

इनासबाब गुडघाभर पाण्यात उभे होते. पेट्रोल बघायला हवं, वारा बघायला हवा, असं काहीतरी ते बोलायला गेले. मग चढून आपल्या जागेवर बसले.

तेरेजबायने मान बाहेर काढली. "भागी, ढकल गो."

मी दोन्ही हात उलांडीला लावले आणि ढकललं.